न सांगता बंद केलेली गोळी

सिस्टर, नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी यंदाच निवृत्त झाले. वय ५८, राहायला कराडजवळ. चौदा वर्षांपासून शुगर आहे, बीपीही आहे. मागच्या वर्षी किडनीची रक्ततपासणी केली तर क्रिएटिनिन १.६ निघालं, आणि लघवीतून प्रथिनं जातात असं कळलं (रिपोर्टवर त्या प्रथिनांचं माप, एसीआर, ६४० आहे). महिन्यापूर्वी किडनीच्या डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन १० ही नवीन गोळी सुरू केली. आठ-दहा दिवसांतच खाली खाज आणि आग सुरू झाली. रात्री तीन-तीनदा उठावं लागायचं. तीन आठवड्यांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.८, आणि लघवीत साखर तीन प्लस! मुलाने पुण्याहून दुष्परिणामांची यादी पाठवली. त्यात किटोअ‍ॅसिडोसिस, पाय कापावा लागणे, गुप्तांगाला गँगरीन, असं सगळं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, किडनीची गोळी आणि किडनीच बिघडवते, कशाला घेता? मी बंद केली. बारा दिवस झाले, खाज कमी आहे. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. ते माझ्या मुलाच्या वयाचे, आणि खोलीत आणखी दोन पेशंट बसलेले असतात. पुढच्या महिन्यात नवरात्र आहे, मी नऊ दिवस कडक उपवास धरते. बीपीची टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, शुगरची ग्लिमेपिराइड हे चालूच आहे. गुडघे दुखले की मेडिकलमधली दुखण्याची गोळी घेते, आठवड्यातून तीन-चारदा. ही नवीन गोळी घ्यावी की नाही, सरळ सांगा.

— एक निवृत्त शिक्षिका

प्रिय बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. सरळ विचारलंत, तर सरळ सांगते. माझ्या मते ही गोळी तुम्ही पुन्हा सुरू करावी. पण आज रात्री डबा उघडून नाही. आधी खाजेवर इलाज, मग डॉक्टरांशी बोलणं, मग गोळी. मी डॉक्टर नाही. डायलिसिस विभागात सिस्टर म्हणून बावीस वर्षं काढली. औषध लिहून द्यायचा अधिकार मला तेव्हाही नव्हता, आताही नाही. पण आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडलेला माणूस गप्पा मारतो, आणि त्या गप्पांत डॉक्टरांना न सांगितलेलं बरंच काही बाहेर येतं. त्यातलंच एक तुमच्या पत्रात दिसलं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. क्रिएटिनिन वाढलं, यादी आली, वहिनी बोलल्या, ही कारणं तुम्ही मागाहून गोळा केलीत. गोळी बंद झाली ती खाजेमुळे, आणि ती खाज भरल्या खोलीत तोंडावर आणता आली नाही म्हणून. यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायचंच असेल तर तीन पेशंट एका खोलीत बसवणाऱ्या पद्धतीने लाजावं.

तेव्हा खाजेपासूनच सुरुवात करू. निरोगी मूत्रपिंडातून दिवसाला साधारण १८० ग्रॅम साखर गाळली जाते आणि जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतली जाते. ही गोळी त्या ओढून घेण्याला आडकाठी करते, म्हणून काही साखर लघवीवाटे निघून जाते. गोळी चालू असेपर्यंत लघवीच्या रिपोर्टवर साखर दिसणारच. तीन प्लस म्हणजे शुगर भडकली असं नाही, गोळी पोटात गेली एवढाच त्याचा अर्थ. आता साखर जिथून जाते तिथे ओल असते, आणि ओल नि गोड मिळालं की बुरशी हातपाय पसरते. गोळीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत १० मिलिग्रॅम घेणाऱ्या बायकांपैकी शंभरात सात जणींना हा त्रास झाला, नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत शंभरात दीड. पुरुषांनाही होतो, पण कमी, शंभरात तिघांना. म्हणजे तुम्ही काही जगावेगळ्या नाही. बहुतेक वेळा हे पहिल्या काही महिन्यांतच होतं, साध्या बुरशीविरोधी मलमाने किंवा आत ठेवायच्या गोळीने बरं होतं, आणि त्यासाठी मूळ औषध कायमचं सोडावं लागत नाही.

इलाज मात्र मेडिकलच्या काउंटरवरून आणू नका. याला दोन कारणं आहेत. तिथे ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटलं की हमखास तीन-चार औषधं एकत्र कालवलेलं मलम हातात पडतं, आणि त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवस गार वाटतं, बुरशी आतून वाढत राहते. दुसरं, बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलची ‘ती एक गोळी’ पुष्कळ जणी एकमेकींना सुचवतात. औषध चांगलं आहे, पण ते ग्लिमेपिराइडचा जोर वाढवतं. तुम्ही ग्लिमेपिराइड घेता. रात्रीत साखर एकदम खाली गेली तर घाम, थरथर, भोवळ, आणि घरात कोणाला कळणारही नाही. म्हणून काय लावायचं, काय घ्यायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. घरच्या घरी करण्यासारखं एवढंच: लघवीनंतर साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं पुसायचं, सुती कपडे. जंतुनाशक आणि वासाचे साबण नकोत.

रात्री उठण्याबद्दल एकच प्रश्न, गोळी कधी घेत होतात? रात्रीच्या जेवणानंतर घेत असाल तर सकाळी घेता येईल का विचारा. अनेकांचं तेवढ्यावर भागतं.

आता १.६ चं १.८. या आकड्याने माणूस घाबरतो, आणि घाबरावं असंच दिसतं ते. तुमच्या भागात ठिबक सगळीकडे आहे, म्हणून त्याचंच उदाहरण देते. मोटर पूर्ण दाबाने सोडली की पाणी भरपूर निघतं, पण नळ्यांचे सांधे सुटायला लागतात. शुगरमध्ये मूत्रपिंडाच्या गाळण्यांचं असंच होतं. आत शिरणारी वाट रुंद राहते, दाब वाढतो, गाळणी ताणून ताणून झिरपते, आणि तुमच्या लघवीत प्रथिनं दिसतात. डापाग्लिफ्लोझिन ती आत येणारी वाट थोडी आवळतं. टेल्मिसार्टन बाहेर पडणारी वाट सैल करतं. दोन्हींनी दाब उतरतो. दाब उतरला की पहिल्या काही आठवड्यांत गाळण्याचा वेग थोडा कमी होतो, आणि क्रिएटिनिन थोडं चढतं. तुमच्या वयाला १.६ म्हणजे गाळण्याचा वेग, ज्याला रिपोर्टवर ईजीएफआर म्हणतात, साधारण ३७. १.८ ला तो साधारण ३२. म्हणजे सातवा हिस्सा कमी. सुरुवातीची घट तीस टक्क्यांच्या आत असेल तर किडनीचे डॉक्टर सहसा गोळी चालू ठेवतात. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे की ही सुरुवातीची घट हे गोळी बंद करण्याचं कारण सहसा ठरत नाही. गोळी घेणाऱ्यांत पुढे ही घसरण मंदावते. न घेणाऱ्यांत सुरुवातीला काही होत नाही, पण उतार चालू राहतो.

वहिनींना हे सांगा हवं तर. त्यांचा तर्क वाईट नव्हता, अपुरा होता.

पण थांबा. तुमच्या पत्रात एक ओळ होती, शेवटी, जाता जाता लिहिलेली. ती वाचून मी दचकले. गुडघ्यांसाठी आठवड्यातून तीन-चारदा दुखण्याची गोळी. नवीन गोळीची एवढी चौकशी केलीत, मुलाने पाठवलेली यादी वाचलीत, आणि मूत्रपिंडाला खरोखर इजा करू शकणारी गोळी तुमच्याकडे बिनबोभाट चालू आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नावं निराळी, जात एकच. नवी गोळी वाट आवळते म्हटलं मी, तर या गोळ्या तिचा गळाच दाबतात. त्यात तुम्ही टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी दोन्ही घेता. हे तिन्ही एकत्र आले, वर ऊन, जुलाब नाहीतर उपवास, की चांगली चालणारी किडनीही चार दिवसांत बसू शकते. तुमच्या १.८ मधला किती वाटा नव्या गोळीचा आणि किती त्या दुखण्याच्या गोळीचा, हे मला सांगता येणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही येणार नाही, कारण त्यांना ती गोळी माहीतच नाही. आमच्या विभागात येणाऱ्यांत वर्षानुवर्षं कंबरेसाठी, गुडघ्यासाठी अशा गोळ्या खाल्लेले किती तरी जण होते. ‘त्या काय, साध्या गोळ्या,’ असं म्हणायचे. आजपासून ती पट्टी घरातून बाहेर काढा. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक, मांडीचे व्यायाम, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात तर दारातच सांगायचं: माझं क्रिएटिनिन वाढलेलं आहे. भस्म घातलेली चूर्णं आणि कसले कसले काढेही याच यादीत. कोणी कितीही प्रेमाने दिले तरी.

मुलाच्या यादीकडे वळू. मुलगा काळजीने वागला, त्याला रागावू नका. पण यादीत सगळे धोके एकाच आकाराच्या अक्षरात छापलेले असतात, खाज आणि गँगरीन शेजारी शेजारी. पाय कापावा लागण्याची भीती आली ती कॅनाग्लिफ्लोझिन या चुलत औषधावरून. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्यावर चौकटीतला इशारा छापायला लावला, आणि २०२० मध्ये ती चौकट काढली. तुमच्या गोळीच्या किडनीवरच्या मोठ्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत पाय कापण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं, शंभरात दोनाच्या आत. शुगरवाल्याने पाय रोज बघायचेच, गोळी असो नसो. गुप्तांगाच्या गँगरीनचं म्हणाल तर या जातीच्या सगळ्या औषधांवर मिळून अमेरिकेच्या प्रशासनाकडे मार्च २०१३ ते जानेवारी २०१९ या काळात ५५ रुग्णांची नोंद झाली, आणि औषध घेणारे लाखोंनी होते. नोंद न झालेलेही असतील. तरी दुर्मीळच. पण दुर्मीळ म्हणून विसरायचं नाही. त्या भागात जोराची वेदना, लाली, सूज आणि सोबत ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. खाज ही ती गोष्ट नव्हे.

किटोअ‍ॅसिडोसिसला मात्र मी जास्त मान देते, आणि त्याचं कारण तुमचं नवरात्र आहे. पोटात अन्न नाही, अंगात पाणी कमी, आणि ही गोळी चालू, अशा वेळी शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्त आंबट होतं. फसवणारी गोष्ट अशी की घरच्या यंत्रावर साखर १६०-१८० च दिसू शकते, त्यामुळे घरचे म्हणतात शुगर तर बरी आहे. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, गळून जाणं ही लक्षणं बघायची. वर सांगितलेल्या चाचणीत गोळी घेणाऱ्या गटात असा एकही रुग्ण झाला नाही, उलट खोट्या गोळीच्या गटात दोन झाले. पण त्या चाचणीत कोणी घट बसवून नऊ दिवस लिंबूपाण्यावर राहिलं नव्हतं.

तेव्हा नवरात्राचं आधी ठरवा. कडक उपवासाच्या दिवशी ही गोळी थांबवतात, आणि नीट जेवण सुरू झाल्यावर पुन्हा घेतात. उलट्या-जुलाब-ताप असेल तेव्हाही तेच. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर किमान तीन दिवस आधी थांबवतात. उपवासात ग्लिमेपिराइडचा डोस तसाच ठेवणं तर त्याहून धोक्याचं, आणि लघवीच्या गोळीचंही विचारायला हवं. या तिन्ही गोळ्यांचं डॉक्टरांकडून तारखांसकट लिहून घ्या. खरं सांगू का? तुमच्या किडनीला नऊ दिवस झेपणारे नाहीत. उठता-बसता करा. आणि त्या दोन दिवसांतही केळी, बटाटा, रताळं, खजूर, शहाळं यांवर भर नको. उपवासाचं म्हणून आपण जे जे ताटात घेतो त्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्या किडनीच्या पेशंटला ते चढायला वेळ लागत नाही. देवीला साबुदाण्याचा आणि दोन दिवसांचा हिशोब मान्य होईल, एवढा माझा विश्वास आहे.

हे सगळं सांभाळून मिळतं काय, ते आता वर्गाच्या भाषेत सांगते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ४,३०४ जण होते. तुमच्यासारखेच, गाळण्याचा वेग कमी आणि लघवीतून प्रथिनं जाणारे. त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाला तर शुगरही नव्हती. शंभर जणांचे दोन वर्ग धरा. नेहमीची औषधं दोन्ही वर्गांना होतीच. सव्वादोन-अडीच वर्षांत, नवी गोळी नसलेल्या वर्गात चौदा-पंधरा जणांची किडनी निम्म्याहून खाली गेली, किंवा निकामी झाली, किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू आला. गोळीच्या वर्गात हे नऊ जणांचं झालं. पाच-सहा जण वाचले. हेही बघा की गोळी घेऊनही नऊ जणांचं व्हायचं ते झालंच, आणि न घेताही पंचाऐंशी जणांना तेवढ्या काळात यातलं काही झालं नाही. तुम्ही कोणत्या बाकावर बसला आहात हे कोणी सांगू शकत नाही. शरीरातलं पाणी कमी होण्याचा त्रास गोळीच्या वर्गात शंभरात सहा जणांना झाला, दुसऱ्या वर्गात चौघांना. त्रास झाला म्हणून औषध सोडणारे दोन्हीकडे सारखेच, शंभरात साडेपाचच्या आसपास.

पाच-सहा हा आकडा कोणाला लहान वाटेल. डायलिसिसच्या खुर्च्यांकडे मी रोज बघायची, मला तो लहान वाटत नाही. पण तुम्हाला वाटला, तर तोही तुमचा हक्क आहे, फक्त तो डॉक्टरांसमोर बसून वापरा. आणि शुगर फारशी उतरली नाही म्हणून गोळी निकामी ठरवू नका. गाळण्याचा वेग ४५ च्या खाली गेला की तिचा साखरेवरचा परिणाम कमीच होतो. तुम्हाला ती साखरेसाठी दिलेलीच नाही.

काही जणांना मी हेच ठामपणे सांगितलं नसतं. टाइप १ चा मधुमेह, पूर्वी एकदा किटोअ‍ॅसिडोसिस झालेला, पायाला चिघळलेली जखम, खाणंपिणं धड नसलेलं म्हातारं माणूस. तुमच्या पत्रात यांतलं काही नाही. असेल आणि लिहायचं राहिलं असेल तर ते डॉक्टरांना सांगाच.

आणखी एक. भारतात या औषधाचं मूळ पेटंट २०२० च्या ऑक्टोबरमध्ये संपलं, त्यामुळे ते कितीतरी नावांनी आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या कितीतरी गोळ्यांत मिळतं. शुगरचे डॉक्टर वेगळे असतील तर त्यांनी दिलेल्या गोळीत हेच औषध आधीच नाही ना, ते बघून घ्या. पट्ट्या पिशवीत घालून न्या, आठवणीवर जाऊ नका.

लवकर जाण्याचं कारण असं की तुमचे डॉक्टर अजून समजून आहेत की गोळी चालू आहे. पुढचं क्रिएटिनिन १.६ आलं तर ते म्हणतील गोळी मानवली. २.० आलं तर म्हणतील गोळीने केलं. दोन्ही वेळा चुकतील, आणि पुढची औषधं त्या चुकीवर लिहिली जातील.

बोलता येत नसेल तर बोलू नका. आमच्याकडे बायका चिठ्ठी द्यायच्या. फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवायची, किंवा आत जाण्याआधी तिथल्या सिस्टरच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, साहेबांना आधी हे वाचायला सांगा. तपासणीची गरज पडली तर ते स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवतील. मजकूर मी लिहून देते, शुद्धलेखन तुम्ही तपासालच:

‘डॉक्टरसाहेब, डापाग्लिफ्लोझिन तीन आठवडे घेतली. दहाव्या दिवसापासून लघवीच्या जागी खाज व आग. बारा दिवसांपासून गोळी मी स्वतः बंद केली आहे. क्रिएटिनिन १.६ वरून १.८. गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी आठवड्यातून तीन-चारदा घेत होते, ती आता बंद. हे सर्वांसमोर बोलता येणार नाही. खाजेवर औषध द्यावे, मी ग्लिमेपिराइड घेते. नंतर गोळी पुन्हा कधी सुरू करू, सकाळी घेतली तर चालेल का, आणि रक्त परत कधी तपासू? नवरात्रात दोन दिवस उपवास आहे, त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते लिहून द्यावे.’

तारीख घाला आणि एक प्रत घरी ठेवा.

तुमची,
सिस्टर